एनसीसीचा ध्वज कसा वाचायचा

राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे आपली एनसीसी, १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. तिच्या तुकड्यांना ध्वज मिळाले १९५१ मध्ये, आणि तेही लष्करी रेजिमेंटच्या धर्तीचे. मध्ये बिल्ला आणि तुकडीचे नाव, एवढाच काय तो फरक. पण एनसीसी काही नुसती भूदलाची नव्हती. १९५० मध्ये मुंबई आणि कोलकात्यात तिचा हवाई विभाग सुरू झाला होता, १९५२ मध्ये नौदल विभागही आला. पांढऱ्या गणवेशातल्या कॅडेटनेही भूदलाच्या धाटणीच्या ध्वजालाच सलामी द्यायची, हे जरा चमत्कारिकच. १९५४ मध्ये आजचा तीन रंगांचा ध्वज आला.

यातले तिन्ही पट्टे उभे आहेत. लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, आकाशी हवाई दलाचा. रंगांच्या क्रमालाही अर्थ असतो. काठीलगतची जागा मानाची. तिथे लाल आहे, कारण आपल्याकडे मानक्रमात भूदल पहिले. ब्रिटनच्या संयुक्त सेनादलांच्या ध्वजात हेच तीन रंग आहेत, पण काठीलगत गडद निळा येतो. तिथे आरमार ज्येष्ठ!

मधोमध सोनेरी रंगात एनसीसी ही अक्षरे आणि त्यांच्याभोवती कमळांचे कडे. कमळे १७, राज्य पातळीवरच्या संचालनालयांइतकी. हा हिशेब अर्थातच नंतरच्या रचनेचा, कारण १९५४ साली महाराष्ट्र राज्यच नव्हते. आज यातले एक कमळ महाराष्ट्राचे. गोव्याचे कॅडेट मात्र कर्नाटकाबरोबरच्या संयुक्त संचालनालयात मोडतात. पितळी कॅप बॅज ज्याने परेडच्या आदल्या रात्री ब्रासोने घासला आहे, त्याला ही कमळे चांगलीच माहीत असतात. पाकळ्यांच्या खाचांत पांढरी पूड अडकून बसते, ती जुन्या टूथब्रशनेच निघते.

बाहीवरच्या पट्ट्या त्यामानाने सोप्या. भूदल विभागात एक पट्टी म्हणजे लान्स कॉर्पोरल, दोन म्हणजे कॉर्पोरल, तीन म्हणजे सार्जंट. कोनाचे टोक खाली. अमेरिकन सैन्यात ते वर असते. हा कोन युरोपातल्या सरदारांच्या ढालींवरून आलेला.

सगळ्यात उशिरा आले ते ब्रीदवाक्य. ‘एकता और अनुशासन’ हे शब्द १९८० मध्ये ठरले, म्हणजे स्थापनेनंतर ३२ वर्षांनी. चिन्हाखालच्या फितीवर ते हिंदीतच असतात. माझ्या मते चिन्हातला हा सर्वांत कमी बोलका भाग आहे. तीन रंग एकत्र आले तिथेच एकता सांगून झाली होती.

शाळेच्या भिंतीवर हे चिन्ह रंगवून घेणार असाल, तर पेंटरला दोन गोष्टी आधी सांगून ठेवा: डावीकडे लाल, मग गडद निळा, मग आकाशी, आणि कमळे मोजून सतरा.