राजदूत 350 की आरएक्स 100?

खटकचिंचोळीहून भालकीच्या रस्त्याला लागलेली आरएक्स 100 दिसायच्या आधी ऐकू येते. तिची थोरली बहीण राजदूत 350 मात्र या भागात क्वचितच भेटते. दोघी जपानच्या यामाहाच्या, दोघींना भारतात आणलं एस्कॉर्ट्सने, आणि आज हौशी माणसं दोघींच्याही मागे आहेत. घ्यावी कोणती?

राजदूत 350 आली 1983 साली. मूळ जपानी आरडी 350 दहा वर्षं आधीची. 347 सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, सहा गिअर. त्या काळी आपल्या रस्त्यांवर असं दुसरं काही नव्हतं. पण इथे येताना तिला आवर घातला गेला. मूळच्या 39 अश्वशक्तीपैकी हाय टॉर्क प्रकारात साडेतीस उरल्या, नंतरच्या लो टॉर्कमध्ये 27. पुढच्या डिस्क ब्रेकच्या जागी ड्रम आला. एवढं करूनही पेट्रोलची तहान भागेना. एका लिटरमागे किलोमीटर मोजणाऱ्या देशात ती परवडली नाही आणि दशक संपता संपता बंद पडली.

आरएक्स 100 आली 1985 च्या अखेरीस. 98 सीसी, एकच सिलिंडर, चार गिअर, 11 अश्वशक्ती आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. सुरुवातीच्या गाड्यांचे सुटे भाग जपानहून आले, इथे फक्त जोडणी झाली. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते. रीड व्हॉल्व्ह आत आलेलं मिश्रण मागे फिरू देत नाही. म्हणून एवढंसं इंजिन ॲक्सिलरेटर पिळताच उसळतं. पण याच रचनेत थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. धुराचे नियम कडक झाले आणि 1996 मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

संग्रहासाठी राजदूत थोर, यात वाद नाही. दोन कार्बोरेटर एका सुरात लावणारा मिस्त्री मात्र आधी शोधा; एक सिलिंडर मागे पडला की गाडीचा जीव जातो. आरएक्सचं काम तालुक्याच्या गावातला जाणता मिस्त्रीही करतो. घेताना इंजिन आणि चॅसीचे नंबर आरसीशी ताडून पाहा, सिलिंडर किती वेळा बोअर केलाय ते विचारा, ऑइल पंप चालू आहे का बघा. पंप बंद करून टाकीत ऑइल मिसळणारी गाडी असेल, तर त्याचं कारण समजल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझं मत आरएक्सच्या बाजूने आहे. राजदूतच्या अंगात जोर जास्त, पण आपल्याला मिळाली ती कातरलेली. आरएक्स लहान असूनही पूर्ण मिळाली, आणि खेड्यातल्या माणसाच्या हाती ती टिकली. गावात कुणाच्या गोठ्यात एखादी धूळ खात उभी असेल, तर भंगारात घालू नका. ती पुन्हा बनणार नाही.