ऊर्जाकेंद्र पाठ, गोळीचं काय?
‘तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र.’ शाळा सुटून वर्षं झाली, तरी हे तुम्ही झोपेतही सांगाल. पण गेल्या सर्दीत रूममेटकडच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतल्यातच ना? मीही घेतल्यात.

सर्दी होते विषाणूंमुळे. पेनिसिलिन घाव घालतं जिवाणूंच्या पेशीभित्तिकेवर. विषाणूला ती नसतेच. म्हणजे सर्दी जागच्या जागी, आणि शरीरातले साधे जिवाणू मरून चिवट तेवढे उरणार. अपुऱ्या डोसानं जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं.

‘सुबक आकृती काढून नावे द्या’च्या आधी शाळेनं एवढं शिकवायला हवं. तोवर आपणच शिकूया: उरलेली गोळी मागायची नाही, द्यायचीही नाही.