15 वर्षे जुनी डिझेल कार तपासणीत 'पास' झाली; म्हणजे ती खरेच सुरक्षित आहे का?

धाराशिव : 'एमएच 25' पाटीच्या जुन्या इंडिका आणि स्विफ्ट डिझेल गाड्या आजही जिल्ह्यात सर्रास धावताना दिसतात. 2010-11 च्या सुमारास नोंदणी झालेल्या खासगी गाड्यांची 15 वर्षांची मुदत आता संपत आली आहे. उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडी दाखवायची, तपासणीत पास झाली की नोंदणी आणखी 5 वर्षे वाढते. जुनी गाडी विकताना 'नुकतीच पासिंग झालीय' हे वाक्य मग हमीपत्रासारखे वापरले जाते. पण ही तपासणी नेमके काय पाहते आणि काय पाहतच नाही?

छोट्या डिझेल गाड्या एवढ्या का?

डिसेंबर 1998 मध्ये टाटा इंडिका बाजारात आली. पुण्यात तयार होणाऱ्या या गाडीचे 1405 सीसीचे डिझेल इंजिन हेच तिचे मोठे आकर्षण होते. त्या काळात डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. जून 2010 मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर 2014 पर्यंत झाले नाहीत. मधल्या 4 वर्षांत दरांतली तफावत वाढली आणि रोज लांबचे अंतर कापणाऱ्यांनी छोट्या डिझेल गाड्यांना पसंती दिली. त्याच गाड्या आता पंधराव्या वर्षात आहेत.

नियम काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 41 नुसार खासगी कारची नोंदणी 15 वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत नमुना 25 मध्ये अर्ज करता येतो.

टॅक्सीचे गणित वेगळे आहे. व्यावसायिक वाहनाला पहिली 8 वर्षे दर 2 वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते. म्हणजे एकाच दिवशी कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन इंडिकांपैकी टॅक्सी म्हणून धावलेली गाडी 15 वर्षांत जवळपास 10 वेळा तपासली जाते. घरगुती वापरातली गाडी तेवढ्या काळात फक्त पीयूसीपुरती यंत्रासमोर येते. तिचे ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन यांची सक्तीची तपासणी थेट पंधराव्या वर्षी होते आणि पुढची विसाव्या वर्षी.

ब्रेकची चाचणी : 30 चा वेग आणि घाटाचा उतार

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ताशी 30 किलोमीटर वेगाने धावणारी कार ब्रेक दाबल्यावर 13 मीटरच्या आत थांबायला हवी. पण गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 30 च्या वेगाला जेमतेम 13 मीटरमध्ये थांबणारी गाडी, ब्रेकचा जोर तेवढाच धरला तर, 80 च्या वेगाला सुमारे 92 मीटर घेईल. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेला नाही.

सोलापूर-धुळे महामार्गावर किंवा नळदुर्ग-उमरगा पट्ट्यात 80 चा वेग नेहमीचाच. तुळजापूरच्या घाटात पुन्हा पुन्हा ब्रेक दाबावे लागतात, पॅड तापतात. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जाऊ शकते. सपाट जागेवर, थंड ब्रेकने, एकदाच घेतलेल्या चाचणीत हा दोष दिसत नाही. ती चाचणी चुकीची नाही. ब्रेक किमान चालतात, एवढेच ती सांगते.

धुराचा आकडा काय सांगतो?

पीयूसी केंद्रावर डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून एकदम ॲक्सिलरेटर दाबतात आणि धूर किती गडद आहे ते मोजतात. बीएस-4 गाडीसाठी ही मर्यादा प्रति मीटर 1.62, तर त्याआधीच्या गाड्यांसाठी 2.45 आहे.

इथे धाराशिवकरांसाठी एक खास मुद्दा आहे. एप्रिल 2010 मध्ये बीएस-4 मानके आधी 13 शहरांत लागू झाली. मुंबई-पुण्याबरोबर त्यात शेजारचे सोलापूरही होते. उर्वरित भागात बीएस-3 सुरू राहिले. देशभर बीएस-4 आले ते एप्रिल 2017 मध्ये. त्यामुळे एकाच वर्षी सोलापुरात आणि धाराशिवमध्ये नोंदवलेल्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना धुराची मर्यादा वेगळी असू शकते. पीयूसीची मुदतही वेगळी : बीएस-3 ला 6 महिने, बीएस-4 ला 1 वर्ष. जुनी गाडी घेताना आरसीवरची ही नोंद आधी पाहावी.

शिवाय ही चाचणी इंजिनावर भार नसताना होते. चार माणसे बसवून घाट चढताना निघणारा धूर त्यात मोजला जात नाही. डोळ्यांना न दिसणारे नायट्रोजन ऑक्साइडही मोजले जात नाहीत.

माणसाची नजर की यंत्र?

पारंपरिक पद्धतीत मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतो, चालवून घेतो आणि निर्णय देतो. निरीक्षक अनुभवी असला तरी दिवसभराच्या रांगेत प्रत्येक गाडीला मिळणारा वेळ मर्यादित असतो. चाचणीसाठी पुरेशी जागा नाही, हा प्रश्न श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. त्यानंतर ब्रेक चाचणीसाठी 250 मीटरच्या मार्गाची सक्ती झाली आणि 2017 मध्ये असा मार्ग नसलेल्या कार्यालयांतील फिटनेस तपासणी थांबवावी लागली.

यावर उपाय म्हणून केंद्राने सप्टेंबर 2021 मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम आणले. तिथे रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो. एका बाजूचा ब्रेक कमी लागत असेल, तर अंदाज न घेता आकडाच समोर येतो. दिव्यांचा झोत, सस्पेन्शन, धूर, हॉर्न यांची मोजणीही यंत्राने होते. केंद्रचालकाला गाड्यांची दुरुस्ती किंवा सुट्या भागांची विक्री करता येत नाही. नापास करून स्वतःच दुरुस्तीचे बिल लावायचे, ही वाट त्यामुळे बंद झाली.

तरीही यंत्र त्या दिवसाचीच स्थिती सांगते. ब्रिटनमध्ये 3 वर्षांनंतर खासगी कारची तपासणी दरवर्षी होते, जर्मनीत दर 2 वर्षांनी. आपल्याकडे पंधराव्या वर्षी पास झालेली गाडी पुन्हा 5 वर्षे कोणी पाहत नाही. खरी अडचण या अंतरात आहे.

'डिझेल गाडी 10 वर्षांनी बंद' हे खरे का?

महाराष्ट्रात नाही. 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांवरील निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिल्ली-एनसीआरसाठी घातले होते. आपल्याकडे तपासणीत पास झालेली गाडी 15 वर्षांनंतरही चालवता येते.

मात्र खर्च वाढला आहे. कारच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाले. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरील कारसाठी ते 10,000 रुपये आहे. उशीर झाल्यास दरमहा 500 रुपये जादा. राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

गाडी घेताना किंवा पासिंगला नेताना काय पाहावे?

- गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा, सस्पेन्शनचे जोड आणि ब्रेकच्या नळ्या गंजल्या आहेत का ते पाहा. वरचा रंग नवा असला तरी खालचा गंज लपत नाही.
- ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर बदलून घ्या.
- टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा पाहा. '2319' म्हणजे 2019 मधील 23 वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर जुने होते.
- थंड इंजिन स्वतःसमोर सुरू करायला सांगा. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर कारण विचारा.
- चढावर चालवून पाहा. मागे काळा धूर येत असेल तर इंजेक्टर, एअर फिल्टर आणि टर्बोची तपासणी करून घ्या.
- पासिंगची तारीख पाहा. प्रमाणपत्र 3 वर्षांपूर्वीचे असेल, तर माहितीही 3 वर्षांपूर्वीचीच आहे.

पासिंगमुळे गाडी रस्त्यावर आणण्याचा परवाना मिळतो. पुढच्या 5 वर्षांत ब्रेक लागतील की नाही, हे गॅरेजमध्ये दरवर्षी होणाऱ्या देखभालीवर ठरते. पंधराव्या वर्षानंतर टॅक्सीप्रमाणे दरवर्षी एकदा स्वतःहून गाडीची पूर्ण तपासणी करून घेणे, ही नियमात नसलेली पण सर्वांत उपयोगी सवय आहे.