वाहनदंड आणि दिरंगाई



रस्त्याच्या कडेला, जेथें वाहन उभें करूं नये तेथें तें उभें केलें म्हणून होणारा दंड, आणि तो वेळेवर न भरल्यामुळें त्यांतून निघणारी दुसरी, बहुधा अधिक जड, शिक्षा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय दिसावयास लहान आहे. परंतु ज्या घरीं एखादी दुचाकी आहे त्या प्रत्येक घराशीं त्याचा संबंध येतो. मी कायदेपंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर मुलांना गणित व मराठी शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. तेव्हां विवेचन शिक्षकी थाटाचें झालें तर श्रोत्यांनीं तें गोड मानून घ्यावें.

आमच्या चामटोलीसारख्या गांवाची स्थिति पाहा. येथील माणूस नोकरीसाठीं मुंबईस जावयाचा तर प्रथम त्याला बदलापूर स्थानक गांठावें लागतें. तेथवरचें अंतर दुचाकीनें तोडावयाचें, गाडी स्थानकाजवळ कोठें तरी लावावयाची आणि लोकल पकडावयाची, असा अनेकांचा नित्यक्रम. बदलापूर काय, अंबरनाथ काय किंवा उल्हासनगर काय, तिन्ही ठिकाणीं माणसें वाढलीं, वाहनें वाढलीं. रस्त्यांची रुंदी त्या मानानें वाढली नाहीं. सकाळच्या घाईंत ‘नो पार्किंग’चा फलक डोळ्यांना दिसत नाहीं असें नाहीं, पण दोन मिनिटांवर आलेली लोकल त्या फलकाहून मोठी दिसते.

पूर्वीं अशा वेळीं पोलीस शिपाई समक्ष भेटे, पावती फाडी आणि प्रकरण तेथेंच संपे. आतां तसें होत नाहीं. वाहनाचें छायाचित्र घेतलें जातें, क्रमांकावरून मालकाचें नांव निघतें आणि ई-चलानाचा संदेश त्याच्या मोबाईलवर जातो. गाडीचा मालक त्या वेळीं कदाचित् घाटकोपरला उतरत असतो. संध्याकाळीं परत येऊन पाहावें तो गाडी जागेवरच उभी! कांहीं घडलें असेल अशी शंकाही त्यास येत नाहीं. शिक्षा झाली, पण ती ज्याला झाली त्याला कळली नाहीं, ही नव्या पद्धतीची पहिली अडचण होय.

आतां थोडें गणित करूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १७७ वें कलम अशा सामान्य अपराधांना लागूं पडतें. मुळांत त्यांतील दंड पहिल्या अपराधास १०० व पुढील प्रत्येक अपराधास ३०० रुपयांपर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीनें हे आंकडे ५०० आणि १,५०० झाले, व महाराष्ट्रांत ही वाढीव आकारणी डिसेंबर २०२१ पासून सुरूं झाली. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. सावकाराच्या कर्जाप्रमाणें या दंडावर दररोज व्याज चढत नाहीं. तो वाढतो पुनरावृत्तीनें. समजा, एका गृहस्थाला पहिला संदेश पोंचलाच नाहीं आणि त्यानें त्याच जागीं आणखी तीन वेळां गाडी लावली. पहिल्याचे ५०० आणि पुढील तिहींचे प्रत्येकीं १,५०० धरले तर एकूण रक्कम ५,००० रुपये होते. पहिला संदेश त्याच दिवशीं वाचला असता तर हेंच प्रकरण ५०० रुपयांत व एका धड्यांत आटोपलें असतें.

म्हणून पहिलें कर्तव्य हें कीं, वाहनाच्या नोंदणींत आपला चालूं मोबाईल क्रमांक व पत्ता आहे कीं नाहीं तें पाहावें. पत्ता बदलल्यास ३० दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावें, असें कायदाच सांगतो. जुनी गाडी विकणारांनीं तर विशेष सावध असावें. त्याच राज्यांत गाडी विकल्यास विकणारानें १४ दिवसांच्या आंत हस्तांतराची वर्दी द्यावयाची असते. केवळ किल्ली व पैसे यांची अदलाबदल करून जो मोकळा होतो, त्याच्या नांवावर दुसऱ्याच्या अपराधाचे दंड वर्षानुवर्षें जमत राहतात.

संदेश हातीं आला म्हणजे मात्र मनुष्यापुढें दोनच सरळ मार्ग असतात: भरणें किंवा हरकत घेणें. ‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण पुढें करून पुष्कळ लोक तिसरा मार्ग धरतात, तो म्हणजे गप्प बसण्याचा. परंतु म्हणीचा हा अर्थ उलटा होय. जो वेळेवर उत्तर देतो त्याला ती पायरी बहुधा चढावी लागत नाहीं. जो गप्प बसतो त्यालाच ती चढण्याचा प्रसंग येतो.

अपराध खरा असेल तर भरून टाकावा. कायद्याच्या २०० व्या कलमाप्रमाणें तडजोडीची रक्कम भरली कीं त्या अपराधाबद्दल पुढील कारवाई थांबते. ‘महाट्रॅफिक’ या सरकारी ॲपवर वाहनाचा क्रमांक घालून आपल्या नांवावर काय जमा आहे तें पाहतां येतें. मोबाईलवर आलेल्या दुव्यास मात्र डोळे झांकून बोट लावूं नये. खोट्या ई-चलानाचे संदेश पाठवून बँकेंतील पैसे लांबविणाऱ्या टोळ्या निघाल्या आहेत. सरकारी संकेतस्थळाच्या नांवाचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा असतो. तसा नसेल तर संदेश पुसून टाकावा व स्वतः ॲप उघडून खात्री करून घ्यावी.

अपराध घडलाच नसेल तर? क्रमांक चुकीचा वाचला गेला असेल, फलक झाडाच्या फांदीआड गेला असेल, किंवा गाडी आपली नसून तिच्यासारखी दुसरीच असेल. अशा वेळीं त्याच ॲपवर तक्रार नोंदविण्याची सोय आहे. वाहतूक शाखेच्या कार्यालयांतही लेखी अर्ज देतां येतो. आणि उशिराची खरी किंमत येथें कळते. त्या जागेचें छायाचित्र आज काढलें तर फांदी दिसेल. सहा महिन्यांनीं फांदीही नसेल आणि फलकही नवा असेल. आज शेजारचा दुकानदार सांगूं शकेल कीं फलक कालच लागला. वर्षानें त्यालाच तें आठवणार नाहीं. दंडाची रक्कम वाढते तिची भीति आपणांस वाटते. परंतु तिच्याहून अधिक वेगानें आपला पुरावा झिजतो, तिकडे लक्ष जात नाहीं. निरपराध मनुष्यानें तर अपराध्याहून अधिक त्वरा केली पाहिजे.

परदेशांतही हाच न्याय आढळतो. इंग्लंडमध्यें आतां पुष्कळ मराठी कुटुंबें आहेत. तेथें पालिकेनें लावलेला पार्किंगचा दंड १४ दिवसांत भरला तर निम्म्या रकमेंत सुटका होते. सर्व मुदती टळूं दिल्या तर मूळ रकमेंत निम्म्याची भर पडते, मग तिची नोंद कर्ज म्हणून न्यायालयांत होते व शेवटीं वसुलीचे अंमलदार दारीं येतात. मुख्य म्हणजे, स्वतंत्र पंचापुढें विनामूल्य दाद मागण्याचा जो हक्क प्रारंभीं असतो, तोही या दिरंगाईनें हातचा जातो.

आपल्याकडे गप्प बसणारांचे दोन आधार असतात. पहिला मुदतीचा. केवळ दंडाच्याच शिक्षेस पात्र असलेल्या अपराधाची दखल न्यायालयानें सहा महिन्यांच्या आंत घ्यावी, असा फौजदारी कायद्याचा नियम आहे, हें खरें. परंतु योग्य कारण असल्यास हा विलंब क्षमापित करण्याचा अधिकारही न्यायालयास आहे. शिवाय बचाव हा न्यायालयांत मांडावयाचा असतो. घरीं बसून मनांतल्या मनांत मांडलेल्या बचावानें नांवावरची नोंद पुसली जात नाहीं, आणि गाडी विकावयाच्या दिवशीं ती नेमकी आडवी येते.

दुसरा आधार सवलतीचा. तेलंगणांत २०२२ सालीं दुचाकींच्या थकित दंडांत ७५ टक्के, व कर्नाटकांत फेब्रुवारी २०२३ मध्यें थकित दंडांत ५० टक्के सूट देण्यांत आली. तशी आपल्याकडेही कधीं तरी मिळेल, निदान लोकअदालतींत कांहीं कमी होईल, या आशेवर लोक बसतात. १९८७ च्या कायद्यानें अधिष्ठित झालेली लोकअदालत ही उत्तम संस्था आहे. तेथें उभय पक्षांच्या संमतीनें निकाल होतो व त्यावर अपील नसतें. सूचना आली असेल तर तेथें अवश्य जावें. परंतु सूट हा आपला हक्क नव्हे. ती मिळेलच असें धरून चालणें म्हणजे बाजारांत तुरी घेऊन घरीं भांडणें होय. आणि ज्या गरीब कारकुनानें पहिल्याच आठवड्यांत पदरचे ५०० रुपये भरले, त्याला अशा सवलतीच्या दिवशीं काय वाटत असेल? प्रामाणिकपणा हा मूर्खपणा ठरावा, असा पाठ सरकारनें नागरिकांस वारंवार देऊं नये.

सरकारचींही कर्तव्यें आहेतच. २०२१ सालीं केंद्र सरकारनें केलेल्या नियमांत यंत्राच्या साहाय्यानें नोंदलेल्या अपराधाची सूचना १५ दिवसांच्या आंत पाठवावी, असें ठरविलें. आणि त्या नियमांस जोडलेल्या शहरांच्या यादींत उल्हासनगर व बदलापूर हीं नांवें आहेत. सूचना वेळेवर पोंचावी, फलक स्पष्ट असावा, तक्रार फेटाळली तर तिचें कारण मिळावें आणि स्थानकाजवळ गाडी लावण्यास योग्य जागा असावी, ही मागणी नागरिकांनीं अवश्य करावी. पण ती मागणी वजनदार व्हावयाची तर मागणाराच्या नांवावर थकबाकी नसावी.

ऋण, अग्नि आणि रोग यांचा शेष ठेवूं नये, असें आपले पूर्वज सांगत आले. त्या तिहींत आतां या चौथ्याची भर घालावयास हरकत नाहीं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस विजेचें बिल पाहतों तसें वाहनाच्या नांवावर काय जमा आहे तें पाहावें. सूचनेवर जी मुदत लिहिली असेल ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत मांडून ठेवावी. आणि त्या मुदतीच्या आंत, पैसे भरून असो वा हरकत घेऊन असो, उत्तर अवश्य द्यावें.