बाबांचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट

मी डॉक्टर नाही; दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनिअर आहे. पण गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडले, ते साठी ओलांडलेले वडील किंवा सासरे घरात असणाऱ्या सर्वांच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

माझे बाबा ७१ वर्षांचे. ग्रीन कार्डवर आमच्याकडेच असतात. त्यांच्या रक्ततपासणीत पीएसए ३.६ आला. ४ च्या आत आहे म्हणून मी रिपोर्ट फाईलला लावून मोकळा झालो. युरॉलॉजिस्टने मात्र आधी विचारले, “गोळ्या कुठल्या चालू आहेत?” प्रोस्टेट वाढल्यामुळे बाबा पुण्यापासूनच फिनॅस्टेराइड घेत होते आणि आम्ही ती औषधांच्या यादीत लिहिलीच नव्हती. ही गोळी काही महिने घेतली की पीएसए साधारण निम्मा दिसतो. म्हणजे बाबांचा खरा आकडा ७ च्या आसपास!

एमआरआय आणि बायोप्सी झाली. कर्करोग निघाला. बाबा म्हणाले, “काढून टाका एकदाचं.” मलाही तेच वाटत होते. डॉक्टर म्हणाले, “तो किती आक्रमक आहे ते आधी पाहू.” प्रोस्टेटचे बरेच कर्करोग फार संथ असतात. उलट ऑपरेशन किंवा रेडिएशननंतर लघवीवरचा ताबा जाणे, लैंगिक दुर्बलता, शौचाच्या तक्रारी असे त्रास कायमचे मागे लागू शकतात.

रक्तातला पीएसए ही फक्त धोक्याची घंटा. ग्रंथी वाढली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी ती वाजते. म्हणून पीएसएचा मुक्त भाग किती, ग्रंथीच्या आकाराच्या मानाने पीएसए किती, तो किती वेगाने वाढतो, हेही पाहतात. पीएचआय आणि ४-के स्कोअर या रक्तचाचण्या बायोप्सी करावी की नाही हे ठरवायला मदत करतात.

खरी माहिती मिळते ती बायोप्सीच्या तुकड्यांतून. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली मांडलेली पद्धत सुधारणांसह आजही वापरतात. सर्वांत जास्त दिसणाऱ्या पेशीरचनेचा अंक आधी, दुसरीचा नंतर. त्यामुळे ३+४ आणि ४+३ दोन्हींची बेरीज ७ असली तरी दुसरा अधिक धोक्याचा. बाबांचा ३+४ होता, अगदी मधला.

अशा वेळी त्याच तुकड्यांवर जनुकांची चाचणी करता येते. पुन्हा सुई टोचावी लागत नाही. ऑन्कोटाइप १७ जनुके तपासते, डिसायफर २२, प्रोलॅरिस ४६. बाबांचा निकाल कमी धोक्याचा आला. आता दर ६ महिन्यांनी पीएसए आणि ठरावीक काळाने एमआरआय व बायोप्सी, एवढेच चालू आहे.

यात जोखीम अजिबात नाही असे नाही. ब्रिटनमधील १,६४३ पुरुषांच्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासाचे १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसते लक्ष ठेवणे, तिन्ही गटांत सुमारे ९७ टक्के लोक या कर्करोगाने दगावले नाहीत. मात्र लक्ष ठेवलेल्या गटात रोग शरीरात पसरण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. म्हणून तपासणीची तारीख चुकवायची नाही.

आता पैशाचे. जनुकचाचणीचे बिल हजारो डॉलरचे असते. चाचणीआधीच विमा कंपनीची मंजुरी घ्या. ६५ वर्षांवरील ग्रीन कार्डधारकांना येथे सलग ५ वर्षे राहिल्यावर मेडिकेअरमध्ये नाव घालता येते. भेटीला येणाऱ्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यात मात्र जुने आजार आणि नेहमीच्या तपासण्या बहुधा बसत नाहीत. त्यांच्या तपासण्या भारतातून निघण्यापूर्वीच करून घ्याव्यात.

आपल्याकडे वडीलमंडळी लघवीच्या तक्रारी मुलांना, त्यातून सुनेला, सांगत नाहीत. तेव्हा आपणच विचारावे. आणि आजच त्यांचा औषधांचा डबा उघडून सगळ्या गोळ्यांची नावे कागदावर लिहून ठेवा. मी ते एक वर्ष उशिरा केले.