आठवडाभराचे सलग उपचार आणि दुआची जागा : मनाच्या जखमेबद्दल घरात बोलायला हवं

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतला नववीचा एक मुलगा पावसाळा सुरू झाला की गैरहजर राहू लागला. अभ्यासात चांगला, वागायला शांत. चौकशीला घरी गेलो तेव्हा कळलं, की एका पुराच्या रात्री तो दादीचा हात धरून तिला माळ्यावर चढवत होता आणि हात सुटला. दादी गेली. त्यानंतर पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की त्याला घाम फुटायचा, श्वास कोंडायचा. घरच्यांनी आपल्या परीने सगळं केलं. मौलानांकडून दम करून आणला, तावीज बांधला, "सब्र कर बेटा" म्हणून समजावलं. पण अब्बांना सगळ्यात जास्त लागली होती ती वेगळीच गोष्ट. पोराने नमाज सोडली होती.

त्याच्या निमित्ताने आम्ही या विषयावर वाचायला आणि जाणकारांना विचारायला लागलो. जे समजलं ते इथे मांडत आहोत, कारण असं एखादं माणूस अनेक घरांत असतं. अपघातातून वाचलेलं, दंगलीत घर जळताना पाहिलेलं, सासरी मार खाल्लेलं, लहानपणी कुणीतरी वाईट वागलेलं.

ही जखम म्हणजे नेमकं काय?

मोठा धक्का बसल्यावर काही दिवस झोप न लागणं, रडू येणं, दचकणं हे स्वाभाविक आहे. बहुतेक माणसं हळूहळू सावरतात. पण महिना उलटून गेला तरी तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहिले, वाईट स्वप्नं थांबली नाहीत, ती जागा किंवा ती माणसं टाळावीशी वाटली, मन सतत धोक्याच्या पवित्र्यात राहिलं आणि "चूक माझीच होती" असं वाटत राहिलं, तर डॉक्टर त्याला आघातोत्तर ताण विकार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पीटीएसडी'. हे नाव वैद्यकशास्त्रात अधिकृतपणे 1980 मध्ये आलं, पण दुखणं माणसाइतकंच जुनं आहे.

आम्ही शिक्षक असल्याने आमच्या भाषेत सांगतो. साधी आठवण हजेरीपटावर तारखेसकट नोंदलेली असते. ती घडून गेली आहे, हे मनाला ठाऊक असतं. आघाताच्या आठवणीवर मात्र तारीखच पडलेली नसते. म्हणून पाऊस आला की मन म्हणतं, हे आत्ताच घडतंय. उपचार म्हणजे त्या आठवणीवर तारीख घालणं. आठवण पुसली जात नाही, पण ती कालची होते.

उपचार कसे होतात?

यासाठी तपासून सिद्ध झालेल्या पद्धती आहेत. एका पद्धतीत तज्ज्ञाच्या सोबतीने तो प्रसंग पुन्हा पुन्हा, सविस्तर सांगितला जातो आणि टाळलेल्या गोष्टींना थोडं थोडं सामोरं जायला शिकवलं जातं. दुसरीत "माझ्यामुळेच झालं" यांसारख्या पक्क्या झालेल्या समजुती तपासून पाहिल्या जातात. तिसरी पद्धत ईएमडीआर या नावाने ओळखली जाते. तिच्यात माणूस प्रसंग मनात धरतो आणि डोळ्यांनी तज्ज्ञाच्या हलत्या बोटांचा मागोवा घेतो. अमेरिकेतल्या फ्रान्सिन शपिरो यांनी ती 1989 मध्ये मांडली. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आघातावर केंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली आहे.

नेहमीच्या पद्धतीत आठवड्याला एक भेट असते, म्हणजे साधारण तीन महिने. इथेच आपल्याकडची माणसं गळतात. दर आठवड्याला एस.टी.चं भाडं, बुडालेली मजुरी, "रोज रोज कुठे जाते?" असं विचारणारे शेजारी. शिवाय दोन भेटींच्या मधले सहा दिवस माणूस एकटाच त्या आठवणीशी झुंजत असतो.

आठवडाभरात होतं का?

म्हणून 'सलग' उपचारांचा विचार पुढे आला. ब्रिटनमध्ये अँके एलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 121 रुग्णांवर अभ्यास केला. तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला पाच ते सात कामाच्या दिवसांत जास्तीत जास्त 18 तासांचे उपचार मिळाले, दुसऱ्याला तेच उपचार दर आठवड्याला एक भेट असे तीन महिने. सलग उपचार घेणाऱ्यांपैकी 73 टक्के आणि साप्ताहिक घेणाऱ्यांपैकी 77 टक्के लोक या विकारातून बाहेर आले. फक्त धीर देणारं समुपदेशन मिळालेल्या गटात हे प्रमाण 43 टक्के होतं, आणि उपचाराची वाट पाहणाऱ्यांत 7 टक्के. म्हणजे सलग उपचार घाईचे ठरले नाहीत, साप्ताहिक उपचारांच्या जवळपास बरोबरीचे ठरले. आणि नुसतं थांबल्याने फारसं काही बदललं नाही.

नेदरलँडमध्ये आठ दिवसांचा कार्यक्रम चालतो. चार दिवस एका आठवड्यात, चार पुढच्या. त्यात प्रसंग सांगण्याचं सत्र, ईएमडीआर, व्यायाम आणि आजाराची माहिती असं सगळं एकाच दिवसात असतं.

हे दिवस सोपे नसतात, हेही सांगायला हवं. संध्याकाळी माणूस पिळून निघाल्यासारखा थकतो. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार तीव्र आहेत, किंवा ज्या बाईला मारणारा माणूस अजून त्याच घरात आहे, तिथे आधी सुरक्षितता बघावी लागते. सलग उपचार कुणासाठी योग्य, हे तज्ज्ञच तपासून ठरवतात.

मग श्रद्धेची जागा कुठे?

आपल्या घरांत हा प्रश्न येणारच. काही लोक म्हणतात, इमान पक्कं असेल तर मन आजारी पडतच नाही. आम्हाला हे पटत नाही. हजरत याकूब (अलै.) पुत्रविरहात रडून रडून दृष्टी गमावून बसले होते, त्यांचं इमान कमी होतं असं कोण म्हणेल? हजरत खदीजा (रजि.) आणि अबू तालिब यांच्या निधनाचं वर्ष इस्लामी इतिहासात 'दुःखाचं वर्ष' म्हणूनच ओळखलं जातं. आणि साधारण अकराशे वर्षांपूर्वी बल्खच्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. भीती, राग, दुःख यांवर त्यांनी वेगवेगळी प्रकरणं केली. मनाचा उपचार ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही.

आजच्या काळातलं एक उदाहरण अमेरिकेतल्या सिॲटलचं आहे. यादवी युद्धातून आलेल्या सोमाली निर्वासितांसाठी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सोमाली समाजासोबत मिळून सहा सत्रांचा कार्यक्रम तयार केला. तो मशिदीत भरतो, आणि समाजातलीच प्रशिक्षित माणसं तो चालवतात. चहा-फराळ होतो, पैगंबरांच्या कथांवर बोलणं होतं. हजरत अय्यूब (अलै.) यांची कथा त्यांतलीच एक. मग प्रत्येक जण आपल्यावर गुजरलेला प्रसंग मनातल्या मनात अल्लाहला सांगतो, टाळाटाळ न करता. डॉक्टरांच्या खोलीत जे केलं जातं, तेच इथे दुआच्या रूपात होतं.

आम्हाला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते. "दुआ कर आणि विसरून जा" म्हटलं की दुआ टाळण्याचं साधन बनते आणि जखम आत तशीच राहते. "दुआत सगळं सांग" म्हटलं की तीच दुआ सामोरं जायला बळ देते.

'ऐच्छिक' हा शब्द महत्त्वाचा

चांगल्या उपचारांत श्रद्धेचा भाग ऐच्छिक असतो. पहिल्याच भेटीत तज्ज्ञ विचारतात, धर्माचा विषय यात हवा आहे का? हो म्हटलं तर दुआ, जिक्र, मनातला "ही माझ्या गुनाहाची शिक्षा आहे का?" हा प्रश्न, सगळ्यावर बोलता येतं. गरज पडली तर एखाद्या समजूतदार आलिमची मदत घेता येते. नाही म्हटलं तरी मूळ उपचार पूर्ण मिळतात. मधेच विचार बदलता येतो. तज्ज्ञ मुस्लिमच असावा असंही नाही, त्याने तुमच्या श्रद्धेचा मान ठेवावा एवढं पुरे. हा निर्णय अम्मी-अब्बांचा किंवा नवऱ्याचा नसतो, ज्याचं दुखणं त्याचा असतो.

आणि एक रेषा ओलांडू नये. दम करून घेतला, दुआ पढली, त्याने मनाला आधार मिळतो. पण 'असर' उतरवण्याच्या नावाखाली मारणं, कोंडणं, बांधणं हा उपचार नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीत 2001 च्या ऑगस्टमध्ये दर्ग्याच्या परिसरातल्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही, 28 जण गेले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे.

सुरुवात कुठून करायची?

सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची चौकशी करा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे जाणं म्हणजे 'वेडं' ठरणं नव्हे. तज्ज्ञ भेटले की सरळ विचारा : आघातावरच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलंय का? आठवड्यात दोन-तीन भेटी किंवा सलग सत्रं शक्य आहेत का? श्रद्धेबद्दल बोललेलं चालेल का? आधीची औषधं चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका. रमजान जवळ असेल तर रोजे, गोळ्यांच्या वेळा आणि उपचारांचे दिवस यांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

त्या मुलाला शेवटी त्याच्या मामूंनी शहरात नेलं. आठवडाभर रोज सत्र झालं. अब्बांची फार इच्छा होती की सुरुवात कुराणच्या तिलावतीने व्हावी. मुलगा नाही म्हणाला, आणि डॉक्टरांनी त्याचं ऐकलं. पाचव्या दिवशी त्याने कारण सांगितलं. दादीचा हात सुटला तेव्हा तो मोठ्याने दुआच पढत होता. तेव्हापासून नमाजला उभं राहिलं की पाण्याचा आवाज ऐकू यायचा. नमाज सोडण्यामागे बेदिली नव्हती, जखम होती. हे ऐकून अब्बा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

आता तो बारावीत आहे. पाऊस अजून आवडत नाही, पण शाळा बुडत नाही. मागच्या ईदला अब्बांच्या शेजारी सफमध्ये उभा होता. त्याला कुणी चल म्हटलं नव्हतं.