हार्ड डिस्क नेमकी किती वीज खाते?

संगणकाच्या वीजवापराचा विषय निघाला की दोष मॉनिटरला किंवा प्रोसेसरला दिला जातो. हार्ड डिस्क या हिशेबातून सहसा सुटते. तिच्या लेबलवर ‘५ व्होल्ट, ०.७ अँपिअर, १२ व्होल्ट, ०.९ अँपिअर’ अशा स्वरूपाची नोंद असते. त्यांचा गुणाकार करून बेरीज केली की १४ वॉटच्या आसपास उत्तर येते आणि तोच डिस्कचा वापर मानला जातो. वास्तविक ही नोंद वीजपुरवठा किती सक्षम हवा, एवढेच सांगण्यासाठी असते. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत असताना साधारण ४ ते ८ वॉट घेते. वाचन-लेखनाच्या वेळी त्यात दोन-तीन वॉटची भर पडते, तर चकत्या थांबल्यावर वापर एक वॉटच्याही खाली येतो.

सर्वांत मोठी मागणी असते ती सुरू होताना. स्थिर चकत्यांना मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांचा वेग देण्यासाठी मोटर काही सेकंद १२ व्होल्टच्या तारेतून दोन अँपिअरपर्यंत, म्हणजे सुमारे २४ वॉट, ओढते. अनेक डिस्क असलेल्या सर्व्हरमध्ये त्या एकदम न फिरवता एकामागून एक सुरू करतात, ते याचसाठी.

हे मोजायचे कसे? भिंतीवरील सॉकेटमध्ये बसणारा वॉटमीटर हा सोपा मार्ग. पण तो संपूर्ण संगणकाचा वापर दाखवितो. डिस्क जोडून आणि काढून वजाबाकी करता येते. मात्र प्रोसेसरचा वापरच सतत काही वॉटनी वरखाली होत असल्याने पाच वॉटचा फरक त्यात हरवतो. शिवाय पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारी वीजही डिस्कच्या नावावर पडते. सप्लायची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर डिस्कच्या ६ वॉटसाठी भिंतीतून साडेसात वॉट घेतले जातात. बिलाच्या दृष्टीने हाच आकडा खरा. दोन डिस्कची तुलना करायला मात्र तो निरुपयोगी.

त्यासाठी डिस्कपर्यंत जाणाऱ्या तारांवरच मोजमाप करावे लागते. रूढ रंगांनुसार पिवळी तार १२ व्होल्टची, तर लाल ५ व्होल्टची असते. पहिलीवर प्रामुख्याने मोटर चालते, दुसरीवर इलेक्ट्रॉनिक्स. दोन्ही तारा स्वतंत्र मोजल्या नाहीत, तर हिशेब अर्धवट राहतो. प्रत्येक तारेत ०.१ ओहमचा रेझिस्टर एकसर जोडून त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज पाहिले की ओहमच्या नियमाने प्रवाह कळतो. ५० मिलिव्होल्ट म्हणजे अर्धा अँपिअर. हाच रेझिस्टर एक ओहमचा घेतला, तर सुरू होताना दोन व्होल्ट तेथेच खर्ची पडतील आणि डिस्क बहुधा फिरणारच नाही. इलेक्ट्रिशियनकडील साधा क्लॅम्प मीटर येथे चालत नाही. तो केवळ एसी प्रवाह मोजतो आणि या तारांतून डीसी प्रवाह वाहतो. त्यासाठी हॉल सेन्सरचा क्लॅम्प हवा. साधा मल्टिमीटरही सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो. हेड सरकताना बसणारे क्षणिक झटके पाहायचे, तर ऑसिलोस्कोपला पर्याय नाही.

एका क्षणाचे वॉट मात्र बिल सांगत नाहीत. ६ वॉटची डिस्क वर्षभर अखंड फिरत राहिली, तर सुमारे ५३ युनिट होतात. सप्लायमधील गळती धरून जवळजवळ ६६. काम नसताना डिस्क थांबवावी का, याचे उत्तरही मोजमापातूनच मिळते. पुन्हा सुरू होण्यासाठी १० सेकंद सरासरी २० वॉट लागले, तर २०० ज्यूल खर्च होतात. थांबल्यामुळे साडेचार वॉट वाचत असतील, तर ही भरपाई पाऊण मिनिटात होते. अडचण विजेची नाही, झिजेची आहे. चालू-बंद होण्याच्या फेऱ्यांना मर्यादा असते, त्यामुळे दर दोन मिनिटांनी डिस्क झोपविणे शहाणपणाचे नव्हे.

डिस्कची क्षमता वाढली म्हणून वीज त्या प्रमाणात वाढत नाही. वीज मुख्यतः चकत्या फिरविण्यात आणि हवेचा विरोध तोडण्यात जाते. म्हणूनच २०१३ पासून बाजारात आलेल्या काही मोठ्या डिस्कमध्ये हवेऐवजी तिच्याहून सातपट विरळ असा हेलियम भरलेला असतो. घरातील चार-पाच जुन्या डिस्कवरील फोटो आणि चित्रपट एका मोठ्या डिस्कवर हलविले, तर वापर जवळपास तितक्याच पटीने घटतो.